नोकरीसाठी शिकणारा विद्यार्थी : एका जुन्या तक्रारीचा इतिहास

'आजच्या विद्यार्थ्याला साहित्याची गोडी उरलेली नाही, त्याला फक्त नोकरी हवी आहे,' हे वाक्य महाविद्यालयीन अध्यापकांच्या बोलण्यात इतक्या सहजपणे येते की त्यामागचे गृहीतक तपासण्याची गरज कोणाला वाटत नाही. ज्ञानासाठी ज्ञान मिळवणारा एक विद्यार्थी पूर्वी होता, तो आपल्या पिढीच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला, आणि त्याच्या जागी स्पर्धा परीक्षांची पुस्तके काखोटीला मारलेला दुसराच कोणी येऊन बसला, असे ते गृहीतक आहे. तो पूर्वीचा विद्यार्थी नेमका कोणत्या काळात होता, हे शोधू गेल्यास मात्र हाती काही लागत नाही. महाराष्ट्रातील आधुनिक शिक्षणाच्या इतिहासात आपण जसजसे मागे जातो, तसतसा नोकरीसाठी शिकणारा विद्यार्थीच आपल्याला भेटत राहतो. फरक दिसतो तो त्याला शिकवणाऱ्यांनी त्याच्या या इच्छेचे काय केले, यात. प्रस्तुत लेखात त्या फरकाचा मागोवा घ्यायचा आहे.

प्रारंभापासूनच पाहू. पेशवाईच्या अस्तानंतर १८२१ साली पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तिचा हेतू जुन्या विद्येचे जतन करण्याचा आणि त्याबरोबरच, राज्य गमावलेल्या शास्त्रीमंडळींना आपलेसे करण्याचा होता. मुंबईत मात्र चित्र वेगळे होते. तेथे कंपनीचे कारभार, न्यायालये आणि पेढ्या होत्या, आणि त्यांना इंग्रजी जाणणारी माणसे हवी होती. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ साली निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ जमवलेल्या वर्गणीतून अध्यापकांच्या जागा निर्माण करण्याचे ठरले आणि त्यातून पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभी राहिली. १८४४ साली गव्हर्नर जनरल हार्डिंग यांच्या ठरावाने इंग्रजी शिकलेल्यांना सरकारी चाकरीत प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर झाले, आणि १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने तीच दिशा पक्की केली. म्हणजे शिक्षण आणि नोकरी यांची सांगड विद्यार्थ्याने घातलेली नव्हती. ती राज्यकर्त्यांनी घातली होती. विद्यार्थ्याने तिचा सरळ अर्थ घेतला, एवढेच.

अशा विद्यार्थ्यांपुढे पहिली मराठी अध्यापकांची पिढी उभी राहिली. बाळशास्त्री जांभेकरांची १८३४ साली एल्फिन्स्टनमध्ये साहाय्यक प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली, तेव्हा त्यांचे 'दर्पण' चालू होऊन दोन वर्षे झाली होती. १८४० मध्ये त्यांनी 'दिग्दर्शन' हे मासिक काढले. त्यात भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान असे विषय मराठीत येत. १८४६ साली अकाली मृत्यू येईपर्यंत वर्गातले अध्यापन आणि वर्गाबाहेरचे लेखन या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या मानल्या नाहीत. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ चे. परशुरामतात्या गोडबोले यांचे 'नवनीत' १८५४ चे. या पुस्तकांकडे आपण आज वाङ्मयेतिहासातील टप्पे म्हणून पाहतो. ती मुळात शाळेतल्या, पुढे कारकून किंवा मास्तर होऊ घातलेल्या मुलांसाठी झालेली कामे होती, हे आपण विसरतो. मुक्तेश्वर, वामनपंडित, मोरोपंत ही नावे ज्या क्रमाने आणि ज्या वजनाने आपल्या मनात बसली आहेत, त्यात 'नवनीता'तील निवडीचा वाटा मोठा आहे. जिला आपण मराठी काव्याची परंपरा म्हणतो, तिची आधुनिक मांडणीच परीक्षा देणाऱ्या मुलांच्या निमित्ताने झाली. 'नोकरीच्या शिक्षणाने साहित्याचे वाटोळे केले' असे म्हणणाऱ्याने या गोष्टीचा थोडा विचार करायला हवा.

यानंतर १८४८ हे वर्ष येते. त्या वर्षी एल्फिन्स्टनमधील विद्यार्थी आणि तरुण अध्यापक यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. सभासदांनी निबंध लिहावा, तो सर्वांपुढे वाचावा आणि त्यावर चर्चा व्हावी, अशी पद्धत होती. लवकरच तिच्या देशी भाषांतील शाखा निघाल्या. मराठी ज्ञानप्रसारक सभेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंगांकडे होते, आणि १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघू लागले. १८४९ मध्ये याच मंडळींनी मुलींच्या शाळा काढल्या आणि आरंभी तेथे आपला वेळ देऊन स्वतः शिकवलेही. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी लाड अशी या वर्तुळातील नावे आपल्या परिचयाची आहेत.

ही मुले नोकरीकडे पाठ फिरवलेली होती काय? मुळीच नाही. भाऊ दाजी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत शिकून डॉक्टर झाले आणि त्यांचा व्यवसाय उत्तम चालला. तेच भाऊ दाजी शिलालेख वाचत होते, कालिदासाच्या काळाविषयी लिहीत होते. दादाभाई एल्फिन्स्टनमध्ये गणिताचे प्राध्यापक झाले, आणि १८५५ साली ते पद सोडून कामा यांच्या व्यापारी पेढीतले भागीदार म्हणून लंडनला गेले. आजच्या भाषेत त्यांनी 'करिअर' बदलले. त्यामुळे त्यांची ज्ञानाची ओढ संपली असे कोणी म्हणणार नाही. उलट हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा हिशेब मांडताना व्यापारातला अनुभव आणि गणिताची शिस्त या दोन्ही त्यांच्या कामी आल्या. १८४८ च्या त्या सभेने विद्यार्थ्यांना नोकरीपासून दूर नेले नाही. तिने त्यांना परीक्षकाखेरीज दुसरा वाचक मिळवून दिला. आपला निबंध गुण मिळवून कपाटात जाणार नाही, तो बरोबरीचे लोक ऐकतील, त्यावर वाद घालतील, कदाचित तो छापला जाईल, आणि त्यात मांडलेले मत खरे असेल तर आपल्याला काहीतरी करावेही लागेल, ही जाणीव त्या सभेने दिली. स्त्रीशिक्षणावर बोलणाऱ्यांना मुलींची शाळा चालवावी लागली.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि परिस्थिती पालटली. विद्यापीठाची रचना लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर होती. शिकवायचे महाविद्यालयांनी, आणि परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठाने, अशी ती विभागणी. तिचा परिणाम आपण अजून भोगतो आहोत. जो शिकवतो तो प्रश्न काढीत नाही, आणि जो प्रश्न काढतो त्याने विद्यार्थ्याचे तोंड पाहिलेले नसते. अशा व्यवस्थेत चतुर विद्यार्थी शिक्षकाकडे पाठ करून परीक्षेकडे तोंड करणार, हे उघड आहे. घोकंपट्टी हा विद्यार्थ्यांचा स्वभावदोष मानला जातो. तिची मुळे या विभागणीत अधिक आहेत.

१८६२ साली बी.ए.ची पहिली परीक्षा झाली आणि चार जण उत्तीर्ण झाले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चौघांनाही पुढे न्यायखाते, वकिली किंवा शिक्षण या क्षेत्रांत प्रतिष्ठेचे स्थान मिळाले. याच सुमारास विद्यापीठाने वरच्या परीक्षांतून देशी भाषांना बाजूला सारून संस्कृतादी अभिजात भाषांना स्थान दिले. त्यामागे, मराठीत शिकवण्याजोगे वाङ्मय पुरेसे नाही, अशी समजूत होती. विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक असलेल्या रानड्यांनी या समजुतीविरुद्ध अखेरपर्यंत खटपट केली. मराठी ग्रंथसंपत्तीचा आढावा घेणारी त्यांची टिपणे या वादातले पुरावे म्हणून वाचली पाहिजेत. १६ जानेवारी १९०१ रोजी ते वारले. त्या सुमारास एम.ए.च्या परीक्षेत मराठीला प्रवेश मिळाला. आज मराठीत एम.ए. होणारा प्रत्येक विद्यार्थी न्यायखात्यात पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या एका माणसाच्या फावल्या वेळातील खटपटीचा लाभधारक आहे. नोकरी आणि विद्याव्यासंग यांना परस्परविरोधी मानणाऱ्यांनी हेही उदाहरण जमेस धरावे.

नोकरीच्या शिक्षणाविरुद्धची पहिली संघटित मराठी प्रतिक्रिया पुण्यात झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतली नोकरी सोडली आणि १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल काढले. टिळक, आगरकर, वामन शिवराम आपटे ही मंडळी त्यांना येऊन मिळाली. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय स्थापन झाले. आजीव सभासदांनी वीस वर्षे सेवेची प्रतिज्ञा घ्यायची आणि अल्प वेतनावर, पुढे स्थिर झालेल्या दरमहा ७५ रुपयांवर, काम करायचे असा नियम होता. मोठ्या परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मोठ्या पगाराची अपेक्षा ठेवू नकोस, असे आईला कळवणारे आगरकरांचे पत्र आपल्याकडे पाठ्यपुस्तकांतून अजरामर झाले आहे. आगरकरांचे दारिद्र्य खरे होते. त्यांचा त्याग स्वस्त नव्हता.

तथापि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने येथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. प्रतिज्ञा शिक्षकांनी घेतली होती. विद्यार्थ्यांकडून ती मागितलेली नव्हती. फर्ग्युसनमधले विद्यार्थी इतर ठिकाणच्या विद्यार्थ्यांसारखेच वकील, मामलेदार, मास्तर होऊ इच्छीत होते, आणि संस्थेने त्यांना त्याच विद्यापीठाच्या परीक्षांसाठी तयार केले. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे उदाहरण बोलके आहे. १८८४ मध्ये बी.ए. झाल्यावर त्यांनी अभियांत्रिकीचा विचार केला, कायद्याचा अभ्यास सुरू केला, आणि तो चालू असताना न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ३५ रुपयांवर साहाय्यक शिक्षकाची नोकरी धरली. आले ते नोकरीसाठी, आणि राहिले ते आजीव सभासद म्हणून. त्यांचे मन वळवले ते उपदेशाने नव्हे. भोवतीची माणसे काय करीत आहेत, हे त्यांना रोज दिसत होते. आगरकरांनी वर्गात वाक्यपृथक्करण शिकवले आणि १८८८ मध्ये 'वाक्यमीमांसा' लिहिली. 'हॅम्लेट'चे त्यांचे 'विकारविलसित' त्याआधी, १८८३ मध्ये आले होते. विषय स्वतः जगणारा शिक्षक समोर असला की विद्यार्थ्याला त्या विषयाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. रँग्लर परांजपे १८९९ साली केंब्रिजला गणितात सर्वप्रथम आले, कोणतीही मोठी नोकरी त्यांना सहज मिळाली असती, आणि ते फर्ग्युसनला परतले, यामागेही तेच कारण असावे.

पण हा आदर्श सर्वांना सारखा लागू पडतो काय? याच काळात पुण्यातच राहणाऱ्या जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, ते या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखे आहे. उच्च शिक्षणाचा भर कारकून आणि मास्तर निर्माण करण्यावर आहे, तो व्यवहारोपयोगी नाही, शिकलेल्यांची संख्या शतपट व्हावी आणि त्यांनी नोकरीच्या मागे न लागता उपयुक्त उद्योगांत शिरावे, असे त्यांनी मांडले. खासगी रीतीने अभ्यास करून प्रवेशपरीक्षा देण्याची विद्यापीठाने दिलेली सवलत वरच्या परीक्षांनाही मिळावी, असेही त्यांनी सुचवले. वरवर पाहता फुले आणि चिपळूणकर दोघेही नोकरीच्या शिक्षणाचे टीकाकार दिसतात. त्यांच्या टीकेची भूमी मात्र भिन्न आहे. चिपळूणकरांना नोकरीत स्वत्वाचा लोप दिसतो. फुल्यांना कचेरीतल्या खुर्चीवर एकाच जातीची माणसे बसलेली दिसतात, आणि त्या खुर्चीपुढे अक्षरशून्य शेतकऱ्याची काय गत होते, हे १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये ते सविस्तर सांगतात. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लेखणी आहे, त्याने नोकरी नाकारणे हा त्याग होय. ज्याच्या घरात ती प्रथमच आली आहे, त्याने नोकरी मागणे हा न्यायाचा प्रश्न आहे. शिक्षक या दोघांनाही एकाच स्वरात 'तुला फक्त नोकरी हवी' म्हणू लागला, तर त्याने समोरच्या बाकावर कोण बसले आहे, हे पाहिलेलेच नाही.

विसाव्या शतकात ज्यांनी हे पाहिले, त्यांनी संस्थांची रचनाच बदलली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात सिडनॅम कॉलेजमध्ये अर्थशास्त्र शिकवीत होते. व्यापारशिक्षणाचे हे महाविद्यालय १९१३ साली उघडपणे व्यवसायासाठीच निघाले होते. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. त्याचे वर्ग सकाळी भरत, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्यालाही पदवी घेता यावी. येथे नोकरी हा शिक्षणातला अडथळा न मानता तिच्याभोवती वेळापत्रक आखले गेले. १९४७ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढले आणि 'कमवा व शिका' ही योजना तेथे रुजवली. अंगमेहनत आणि पदवी या दोन गोष्टी एकाच दिवसात बसू शकतात, हे तिने दाखवून दिले. विद्यार्थ्याला प्रवृत्त कसे करावे, या प्रश्नाचे पहिले उत्तर पुष्कळदा इतके साधे असते : त्याला येता येईल अशा वेळी वर्ग भरवा.

१९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, याच सोसायटीने महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. निजामी राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या आणि उर्दू माध्यमाच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहण्याची सवय असलेल्या मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय नाममात्र होती. येथे येणारा विद्यार्थी आपल्या घरातलाच नव्हे, कित्येकदा आपल्या गावातला पहिला महाविद्यालयीन विद्यार्थी होता, आणि त्याला नोकरी हवी होती. शासनातल्या मोक्याच्या जागा आपल्या समाजाच्या हाती आल्या पाहिजेत, हे तर बाबासाहेबांचे सांगणेच होते. अशा विद्यार्थ्यांपुढे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी नाटक ठेवले. त्यांनी लिहिलेले 'युगयात्रा' महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी रंगमंचावर आणले. जातिव्यवस्थेचा इतिहास ज्यांनी अंगावर सोसला होता, तेच तो पात्र होऊन बोलू लागले. पुढे याच महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस 'अस्मितादर्श' हे नियतकालिक चालवायला घेतले, आणि दलित साहित्याच्या चळवळीला हक्काचे व्यासपीठ मिळाले.

१८४८ ची एल्फिन्स्टनमधली सभा आणि 'अस्मितादर्श' यांत सव्वाशे वर्षांच्या आसपास अंतर आहे, दोन्हींमागचे समाज वेगळे आहेत, पण अध्यापनाची रीत तीच आहे. विद्यार्थ्याला नोकरीची इच्छा सोडायला न सांगता त्याच्या लेखनाला परीक्षेबाहेरचा वाचक मिळवून द्यायचा. मिलिंदने त्यात एका गोष्टीची भर घातली : विद्यार्थ्याचे स्वतःचे जगणे हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो. एल्फिन्स्टनच्या मुलांनी जगातले ज्ञान मराठीत आणले. मिलिंदच्या मुलांनी मराठीत पूर्वी नसलेले जग मराठीत आणले. मराठी साहित्याने गेल्या पन्नास-साठ वर्षांत जे सर्वांत मोलाचे मिळवले, त्यातले पुष्कळसे नोकरीसाठी शिकायला आलेल्या मुलांकडून मिळाले आहे, हे विधान मला अतिशयोक्त वाटत नाही.

आता आपल्या वर्गाकडे येऊ. आपल्यापुढील विद्यार्थी लोकसेवा आयोगाच्या किंवा नेट-सेटच्या तयारीत असतो. पदवी हाती असूनही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे काढणारे आपल्यातलेच सहकारी तो पाहतो, आणि आपले भवितव्य त्यांच्यावरून जोखतो. त्याची चिंता खोटी नाही. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद रास्त आहे, पण त्या दर्जाने या मुलाचा प्रश्न आपोआप सुटत नाही. 'उपयोजित मराठी'ची एखादी अभ्यासपत्रिका घालून, त्यात अर्जाचे व जाहिरातीचे नमुने पाठ करायला देऊन आपण त्याच्या गरजेला उत्तर दिले, असे मानणे ही आपलीच फसवणूक आहे. नमुने बदलतात. नमुन्यामागची भाषिक जाण मात्र टिकते.

एक उदाहरण सुचवतो. शासनात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे तीन पुस्तके एकत्र ठेवावीत : शिवकालातला 'राज्यव्यवहारकोश', अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र', आणि भाषा संचालनालयाचा १९६२ चा 'पदनाम कोश'. राज्याने कोणत्या भाषेत बोलावे, हा प्रश्न तिन्हींच्या मुळाशी आहे. पहिल्यात फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय आहेत. दुसऱ्यात राजनीती सांगणारे गद्य आहे. तिसऱ्यात नव्या राज्याच्या हुद्द्यांची मराठी नावे आहेत, ज्यांतील काहींची तेव्हा थट्टा झाली आणि कित्येक आज आपण विचार न करता वापरतो. यापुढे एखादा चालू शासननिर्णय ठेवावा आणि विचारावे : येथे कर्ता कोठे गेला? 'करण्यात येत आहे' या प्रयोगाने कोणाची जबाबदारी झाकली जाते? ज्या शेतकऱ्यासाठी हा निर्णय आहे, त्याला तो समजेल काय? आगरकरांची वाक्यमीमांसा आणि फुल्यांची कचेरी एकाच तासाला वर्गात येतात. विद्यार्थ्याने मग तो निर्णय सोप्या मराठीत पुन्हा लिहावा, आणि तो आपल्या गावात दोन माणसांना वाचून दाखवावा. हे काम स्पर्धा परीक्षेला उपयोगी आहेच, पण तेवढ्यापुरते नाही. तो उद्या खरोखर अधिकारी झाला, तर त्याच्या टेबलापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाशी तो कोणत्या भाषेत बोलेल, हे कदाचित अशा तासात ठरेल.

हे नेहमी साधेल असे नाही. साठ-सत्तर जणांच्या वर्गात, सत्राच्या अपुऱ्या दिवसांत, तयार प्रश्नोत्तरांच्या स्पर्धेत आपण पुष्कळदा हरतो. पण इतिहास पाहता एक गोष्ट निश्चित म्हणता येते. नोकरीची इच्छा ही साहित्याच्या अध्यापनावर आलेली नवी आपत्ती नाही. आपला विषय महाविद्यालयात जन्मला, तोच त्या इच्छेच्या सोबतीने. जांभेकर, दादोबा, आगरकर, चिटणीस, पानतावणे यांच्यापुढे हेच विद्यार्थी होते. त्यांनी त्यांना हिणवले नाही, आणि नुसती परीक्षा उत्तीर्ण करवून सोडूनही दिले नाही. या दोन्हींच्या मधली जी वाट त्यांनी चोखाळली, तिच्यावर आज किती अध्यापक चालत आहेत, हे प्रत्येक मराठी विभागाने आपापल्या वेळापत्रकात शोधून पाहावे.